नानांच्या उशाची घंटी

मी एक घंटी आहे. शाळेची नव्हे, सायकलचीही नव्हे. टेबलावर बसायचं, डोक्यावर कुणी तळहात मारला की ‘टिंग’ करायचं आणि गप्प व्हायचं. पालथ्या वाटीएवढा माझा देह. कारखान्यातून माझ्यासारख्या शेकडो जणी निघाल्या, त्यांतली मी एका लॉजच्या काउंटरवर येऊन पडले.

काउंटरमागे नाना बसायचे. मॅनेजर म्हणा, कारकून म्हणा, सगळं तेच. मी वाजले की ते हातातलं पेन खाली ठेवायचे आणि समोर आलेल्या माणसाकडे बघायचे. मालक वैतागायचा. “अहो, लिहिता लिहिता बोला की. दोन कामं होतील.”

“होतील,” नाना म्हणायचे, “पण दोन्ही अर्धवट होतील.”

पुढे खोल्या फोनवरूनच ठरायला लागल्या. पाहुणे फोनमध्ये बघत आत यायचे, फोनच पुढे करायचे आणि किल्ली घेऊन फोनमध्ये बघतच जिना चढायचे. मला कुणी हात लावेना. नाना निवृत्त झाले त्या दिवशी मालकाने विचारलं, “आठवण म्हणून काय देऊ?” नानांनी माझ्याकडे बोट केलं. मालकाची अडगळ कमी झाली.

घरी आल्यावर शोकेसमध्ये, कपबशांच्या मागे मी बरीच वर्षं काढली. नानांची बायको गेली, धाकटा मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला, हे मी काचेतूनच पाहिलं. त्याचं मला फार काही वाटलं असं नाही. धातूला वाटतं किती, हा प्रश्नच आहे.

मग एका सकाळी दाढी करताना नानांच्या हातातून ब्रश गळून पडला. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला डावा हात आणि दोन डोळे.

थोरली मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात, आपली भाड्याची खोली सोडून बापाकडे राहायला आली. तिचं काम घरबसल्या होतं. कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांनी तक्रारी लिहायच्या आणि तिने कॉम्प्युटरवर त्यांना गोड उत्तरं द्यायची. डॉक्टर तिला म्हणाले, “त्यांच्या हाताशी काहीतरी वाजणारं ठेवा. हाक मारता आली की माणूस खचत नाही.”

ताईने शोकेस उघडली.

पहिल्यांदा मी वाजले तेव्हा ती न्हाणीघरातून ओल्या केसांनीच धावत आली. “काय नाना? काय झालं?” नानांना फक्त खिडकी उघडून हवी होती. ती हसली, तेही ओठाच्या एका कोपऱ्यातून हसले. ते दिवस असेच गेले. मी वाजायचा अवकाश, ताई दारात उभी. रात्री झोपेत कूस बदलतानासुद्धा तिचे कान माझ्याकडे असायचे.

नंतर उत्तर आधी यायला लागलं आणि ताई मागून. “आले हं, एक मिनिट!” ते मिनिट हळूहळू लांबत गेलं. तिच्या कॉम्प्युटरलाही टिंग होतं, फोनलाही टिंग होतं. तिन्ही टिंग एकदम झाली तर ती आधी फोनकडे बघते, हे माझ्या लक्षात आलं. मला राग आला नाही. माझ्या आवाजामागे काय असणार? पाणी, नाहीतर कूस बदलणं. रोजचंच. फोनच्या आवाजामागे काहीही असू शकायचं. बहुतेक वेळा काहीच नसायचं, पण उघडून बघेपर्यंत ते कुठे कळतं? जे ठाऊक आहे त्याच्याकडे माणसाचा कान पाठ फिरवतो. यात दुष्टपणा नसतो. कान थकतो, इतकंच.

कधी ती हाकेसरशी निघायची, वाटेत फोन वाजायचा, आणि खोलीच्या दारात येऊन ती उभीच राहायची. “कशाला आले होते मी?” नाना डाव्या हाताने रिकाम्या ग्लासाकडे दाखवायचे. “अगं बाई, हो की!” पूर्वी दोघं यावर हसायची. पुढे नुसता ग्लास भरला जायचा.

धाकटा सुट्टीत आला तेव्हा त्याने एक छोटा कॅमेरा आणला. “ताई, किती धावशील? नानांनी हात हलवला की तुझ्या फोनवर कळणार, माझ्याही. तू बाजारात असलीस तरी काळजी नाही.” त्याने मनापासून आणला होता, खोटं कशाला बोलू? कॅमेऱ्याला नानांच्या उशाजवळच्या टेबलावर जागा हवी म्हणून त्याने मला उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. “आता या डबड्याचं काय काम?”

नानांनी माझ्याकडे बघितलं. मान हलवली, पण ती हो म्हणून की नको म्हणून, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

कॅमेऱ्याला माणूस आणि वारा यांतला फरक कळत नव्हता. पडदा हलला, टिंग. पंख्याने चादर फडफडली, टिंग. सुरुवातीला ताई प्रत्येक वेळी बघायची. मग माशी हाकलावी तशी अंगठ्याने ती सूचना बाजूला सारायला लागली.

थंडीचे दिवस आले. नानांचा उजवा पाय हाताला बर्फासारखा लागायचा. त्या दुपारी ताईने रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, ती टॉवेलात गुंडाळली आणि त्यांच्या नडगीवर ठेवली. “थोड्या वेळाने काढते हं, नाना.”

शेजारच्या खोलीत जाऊन तिने एका चिडलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर लिहिलं. मग जरा डोकं हलकं करावं म्हणून फोन हातात घेतला. कट्ट्यावरून मला पलंगही दिसत होता आणि उघड्या दारातून तीही. ती हसत नव्हती, रडत नव्हती. फक्त अंगठा खालून वर, खालून वर. समोरून काय काय जात होतं, त्यातलं तिला पुढे काहीही आठवलं नाही.

इकडे टॉवेल सरकला. टॉवेलाबाहेर आलेली पिशवी नडगीला चिकटली. नानांना काही जाणवलं नाही, तो पाय कधीचाच त्यांचा नव्हता. पण त्यांना दिसत होतं. डावा हात तिथवर पोचेना. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. पलीकडे फोन म्हणाला टिंग. अंगठ्याने ते बाजूला सारलं. नानांनी पुन्हा हात हलवला. पुन्हा टिंग. पुन्हा अंगठा.

शेवटी त्यांनी तळहात टेबलावर, जिथे मी असायचे तिथे आपटला. लाकडाचा आवाज तो किती होणार? मग त्यांनी हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

ताई आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. तिने पिशवी उचलली, आणि पिशवीबरोबर कातडीही आली. तिने तशीच धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं.

“दुखत नाही तेवढं बरं आहे ना, डॉक्टर?” तिने विचारलं.

“दुखत नव्हतं म्हणूनच एवढं खोल गेलं,” डॉक्टर पट्टी बांधत म्हणाले.

धाकट्याचा फोन आला. “अगं, पण सूचना आल्या होत्या! माझ्या फोनवर आत्ता दिसताहेत. ओळीने आल्यात.”

“तुझ्याही फोनवर?”

मग तो म्हणाला, “मी मीटिंगमध्ये होतो, ताई.”

कॅमेऱ्यात सगळं साठलेलं होतं. नानांच्याच खोलीत बसून ताईने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं. हलणारा हात बघितला, आपटणारा बघितला, थांबलेला बघितला. मग तिने कॅमेऱ्याची वायर काढली, मला कट्ट्यावरून आणून टेबलावर ठेवलं आणि नानांचा तळहात माझ्यावर टेकवला.

“वाजवा ना, नाना. मी येते. लगेच येते.”

नानांनी हात काढून घेतला. रागाने नाही. दुसऱ्याच्या वस्तूवर चुकून पडलेला हात उचलावा तसा. त्यानंतर त्यांनी मला वाजवलेलं नाही. तहान लागली तरी नाही.

ताईने आपलं टेबल त्यांच्या खोलीत आणलं. फोन अजूनही वाजतो. तिचा हात तिकडे जातो, कधी अर्ध्यातून परत येतो, कधी येत नाही. पण अधूनमधून ती मान वर करून नानांकडे बघते. ओठ सुकलेले दिसले तर ग्लास पुढे करते. ते डोळ्यांनी नको म्हणतात. “मग पडदा ओढू? उशी सरळ करू? पाय?” कधी सापडतं. कधी काय हवंय ते सापडतच नाही, आणि मग ती नुसती बसून राहते.

जखम भरतेय, सावकाश. माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात कुणी हाक मारायचं बंद केलं असेल, तर सगळं ठीक चाललंय असं समजू नका. एकदा उठून बघून या.

रोज सकाळी ताई माझ्यावरची धूळ पुसते. फडकं डोक्यावरून फिरताना मी जराशी दबते आणि बारीक आवाज होतो. नाना दचकून मान वळवतात.

“काही नाही, नाना,” ती म्हणते. “मीच आहे.”