कच्चा होकार

गुरुदासने होडी विकायला काढली, तेव्हा पैसे बिटकॉइनमध्ये घ्यायचे हे डोके दिव्याचेच. कुडाळला या व्यवहारांचा तीन महिन्यांचा कोर्स करून आलेल्या लेकीवर बापाचा काय तो विश्वास! मडगावचा प्रितम होडी घ्यायला तयार झाला, तसे गुरुदासने सगळ्यांदेखत सांगून टाकले, "दिव्या 'पैसे पक्के इले' म्हणतली, तेव्हाच नारळ फोडूचो."

आचऱ्याच्या खाडीवर माणसे जमली. प्रितमने मोबाईलवर बोटे फिरवली. दिव्याच्या मोबाईलवर रक्कम दिसली खरी, पण खाली 'पुष्टी: शून्य'. म्हणजे पैसे निघालेत, पण बिटकॉइनच्या नोंदींच्या साखळीत अजून बसलेले नाहीत. ते बसेपर्यंत पाठवणारा जास्त फी भरून परत स्वतःकडे वळवू शकतो. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट ही.

पाच मिनिटे गेली, पंधरा गेली. ओहोटी लागली होती. आणखी उशीर झाला असता तर होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली नसती. प्रितम हसला, "काय गो, शिकलंस मा? की माका चोर समाजतंस?" चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दिव्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"इले गो?" बापाने विचारले.

"इले," ती म्हणाली.

गावच्या म्हाताऱ्या दाजींनी लगेच देवाला गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ह्यो येव्हार आज पुरो झालो, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. नारळ फुटला, सह्या झाल्या, होडी गेली. गाऱ्हाणे घालून दिलेली वस्तू परत मागायची नाही, ही तिथली रीत.

अर्ध्या तासाने दिव्याने पाहिले, तर नोंदीपुढे 'रद्द'. तीच रक्कम प्रितमने स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर वळवली होती, आणि ती मात्र पक्की बसली होती. त्याचा फोन बंद. बापाची वीस वर्षांची मेहनत एका शब्दावर गेली, आणि तो शब्द तिचा होता.

पोलीस ठाण्यात गुरुदास शर्टाची वरपर्यंत बटणे लावून, जपून शुद्ध बोलत होता. साहेबांनी विचारले, "पैसे आले याची खात्री कोणी केली?"

दिव्याने तोंड उघडले.

"मुलगी थांबा म्हणत होती, साहेब," गुरुदास म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

"शिकलेल्या पोरांचं ऐकत नाही तुम्ही लोक," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तसेच लिहून घेतले. मग कागद दिव्यापुढे सरकवला. तिने साक्षीदार म्हणून सही केली.