थिनरचा बोळा

रंगाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं. वाळूजच्या कारखान्यात बारा वर्षं पेंट शॉपला काढलीत. लांबून गाडीचा दरवाजा बघून सांगतो, ह्यात काळा थेंबभर जास्त पडलाय. सोमनाथनं शेड पास केली म्हणजे केली. तर ह्या शहाण्या सोमनाथनं, म्हणजे मीच, त्या उन्हाळ्यात काय केलं, ते ऐका.

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. शहर पैठण रोडनं पार चितेगावकडं सरकत चाललेलं आणि पाणी कुठंच नाही. कारखान्याला टँकर एक दिवसाआड. आमच्या स्प्रे बूथमागं उडालेला रंग धरायला पाण्याची टाकी असती, तेवढंच काय ते उघडं पाणी. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी त्या टाकीच्या कडेला एक पाखरू पडलेलं दिसलं. ओलंचिंब, मुठीएवढं, शेपटी असून नसल्यासारखी.

आणि अंगावर रंगच रंग! पाठ हिरवी, पंखावर चमकता निळा पट्टा, पोट बदामी, शेपटीखाली लालभडक, गळा पांढरा, डोळ्यावरून काळी पट्टी. मी म्हणालो, "अरेरे, टाकीत पडलंय बिचारं. हा निळा तर आपण मंगळवारी मारलेला मेटॅलिक!" चौघं जमले होते, चौघांनी माना डोलावल्या. रंग अंगावर सुकला तर पाखरू मरणार, आणि आम्हाला औषध एकच ठाऊक. मी थिनरमध्ये बोळा बुडवला आणि पंख पुसला.

निळा निघेना. पक्का बसलाय म्हणून आणखी जोर लावला. पाखरानं चोच वासली आणि मान टाकली.

"अरं मुडद्या, थांब!" कँटीनच्या द्वारकाबाई चहा घेऊन आल्या होत्या. किटली तिथंच टेकवून त्यांनी पाखरू माझ्या हातातून काढून घेतलं. "त्यो रंग त्याच्या अंगचाच हाय! नवरंग हाय हे. आमच्या कन्नडच्या जंगलात दर साली येतंय."

मी थिनरचा बोळा लांब फेकून दिला.

बाईंनी डाळीचं पीठ लावून पंख हळूहळू धुतला. धुवायला कँटीनचा शेवटचा जार फोडला. कोणीतरी म्हणालं, "मावशी, प्यायचं पाणी हाय ते."

"मग काय मोरीचं वतू? आज दुसरा चहा नाय कुणाला."

चपात्यांच्या दुरडीत फडकं अंथरून पाखरू लिंबाच्या सावलीत ठेवलं. मी समोर बसून राहिलो. सुपरवायझरनं दोनदा हाक मारली, मी दोनदा नाही म्हणालो. जन्मात कुणासाठी इतका देव देव केला नसेल.

"मावशी, जगंल का?"

"गप बस. दम खाऊ दे त्याला."

पाचच्या सुमारास दुरडीत खुडखुड झाली. बाईंनी फडकं उचललं. नवरंग टुणकन खाली उतरला, वाळलेला पाला चोचीनं उडवला, एक मुंगळा गिळला आणि भुर्रकन कुंपणापलीकडं गेला. जाताना पंख उघडला. मी पुसलेला तो निळा जसाच्या तसा होता!

मला रडू आवरेना. सगळ्या शिफ्टसमोर मी द्वारकाबाईंच्या पाया पडलो.

"मावशी, तुमच्यामुळं वाचला. माझ्या हातानं मेला असता, तर ह्या हातानं मी घास कसा खाल्ला असता?"