मिरजोळ्याची प्राणगुहा

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीमागे शंभरेक माणसं एका लोखंडी टाकीसमोर दाटीवाटीने उभी होती. १९८६ चा मार्च. टाकीचं झाकण उघडलं, आतून पांढरं धुकं बाहेर आलं आणि सगळ्यांचे हात जोडले गेले.

"प्राणदेव प्रकटले," प्राणानंद महाराज म्हणाले. "कानात काय ऐकलंस गो बाय?"

"टकटक झाली म्हाराज," टाकीतून उतरत माझी तुळसाकाकी म्हणाली.

"ती देवाची पावलं. पट्टी मात्र सोडू नका. आतला प्राण निसटेल."

काकीचा हात लांज्याच्या काजू कारखान्यात उकळत्या तेलाने भाजला होता. मुंबईच्या सर्जननी मांडीची कातडी तळहातावर बसवली. तिची कड निळी पडली, तेव्हा ते महिपतकाकांना म्हणाले, "इथल्या टाकीत दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला तर कातडी तगेल. त्यासाठी इथे दहा दिवस थांबा." तसलीच टाकी गावाजवळ आहे, असं काकांनी ऐकलं होतं. त्यांनी काकीला इकडे आणलं.

आज सहावा दिवस. हाताला वास येत होता.

"पाप बाहेर पडतंय," म्हणत महाराजांनी उदबत्त्या वाढवल्या.

मी त्यांचा पुतण्या, काकीसोबत आलेला; नुकताच बी.एस्सी. झालो होतो. टाकीच्या नळीमागोमाग गेलो आणि पडदा ओढला. झांजांच्या गजराआड टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडत होता.

"ही साधी हवा," मी म्हणालो. "दाब एकदम सोडला की ती गार होते, तिच्यातल्या वाफेचं धुकं होतं. सोड्याची बाटली फोडताना दिसतं तेच."

"नि कानातला देव?" कुणीतरी विचारलं.

पाठीच्या जखमेसाठी दाभोळहून आलेला वजीर खलाशी रांगेतून बोलला, "होडीच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला मी बुडी मारतो, तेव्हा पाण्याच्या दाबाने माझे कान पण असेच वाजतात. मग मी पीर झालो काय?"

लोक हसले. महाराजही हसले. "शंका घेतलीत. आता हात गेला तर मला बोलू नका."

त्याच दुपारी आम्ही काकीला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली. कातडी काळी पडली होती, खाली पू. तीन बोटं कापावी लागली.

"आता ती मुंबईची टाकी?" काकांनी विचारलं.

"प्राणवायू जिवंत मांसाला मदत करतो, महिपतराव. मेलेल्याला नाही."

काकीने एवढंच विचारलं, "दोन बोटांनी काजू सोलता येतील काय हो?"

पुढच्या गुरुवारी महाराजांच्या टाकीसमोर रांग होतीच. महाराज काकीचा दाखला देत होते: शंका घेणाऱ्याची बोटं झडतात.

प्रश्न विचारल्याने बिघडेल असा उपचार जगात नाही. कुणी तसं बजावलं, तर रुग्णाला तिथून उचला आणि दवाखाना गाठा. त्याच दिवशी.