ओक लॉनमधली खुर्ची

घर बघायला बाबांना बरोबर नेऊ नये, हे मला आईने सांगितलं असतं. पण ती गेली, आणि शिकागोतल्या आमच्या जुन्या घरात बाबा एकटे उरले. म्हणूनच मला त्यांच्या जवळ, ओक लॉनमध्ये घर हवं होतं. ओवेनला, माझ्या नवऱ्याला, लांबचं नेपरविल आवडलं होतं. तरी माझ्यासाठी तो ओक लॉनला तयार झाला. तयार नव्हते ते बाबाच.

नेपरविलच्या घरात ते वरबापासारखे मिरवले. "गॅरेज बघ, डानुता! जावईबापू, आता बर्फ उपसून कंबरेचा काटा ढिला करायला नको."

ओक लॉनला मात्र त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तळघराला वास येतोय. डोक्यावरून विमानं. आणि गाडी रस्त्यावर लावायची? छे!"

"मी जवळ यायला नकोय का तुम्हाला?" मी चिडून विचारलं.

"म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून कुणी घर घेतं का, पोरी?"

मला फार लागलं ते. रागाच्या भरात मी नेपरविलला हो म्हणून टाकलं. पण मन मानेना. रविवारी ओवेनला म्हटलं, ओक लॉनचं घर शेवटचं एकदा बघू, मग एजंटबाईंना नकार कळवू.

आदल्या रात्री बर्फाने कहर केला होता. ओक लॉनच्या त्या रस्त्यावर गाडी लावायला तसूभर जागा नव्हती. फक्त आमच्या, म्हणजे त्या घरासमोर, एका गाडीपुरता बर्फ नीट कडा तासून उपसलेला होता. आणि मधोमध एक खुर्ची.

शिकागोत बाबांच्या गल्लीत हाच कायदा आहे. बर्फ उपसेल त्याची जागा, आणि तो परत येईपर्यंत खुर्ची राखण करते. पण ही खुर्ची पिवळी होती, आईच्या स्वयंपाकघरातली. मोडका पाय बाबांनीच तारेने बांधलेला.

शेजारीण फाटकातून म्हणाली, "सकाळी एक आजोबा आले होते. बर्फ उपसून गाडी लावली आणि खूप वेळ घराकडे बघत बसले. जाताना खुर्ची ठेवून गेले. अहो, इकडे नाही असलं काही चालत!"

मी तिथूनच फोन लावला. "बाबा, आईची खुर्ची कुठाय?"

"कुठली खुर्ची?" मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "अरे देवा. सवयीने ठेवली गं."

"पण आलात कशाला? वास येतो ना तळघराला?"

"येतोच! मी आपला रस्ता बघायला आलो होतो. घरून कॉफी घेऊन निघालो. पोचलो तरी गरम होती."

मला रडू आवरेना. ओवेन खाली उतरून खुर्ची उचलायला निघाला. "हलवू का? गाडी इथेच लावू."

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "ती जागा बाबांची आहे. आपण लांब लावू, आणि एजंटबाईंना सांगू, हेच घर घेतो."