ढुंढिराज दर गुरुवारी का येत

चांगलं पुस्तक वाचलं की आपण चांगले झालो, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. रत्नाकर पटवर्धनांनाही तसंच वाटे. वाराणसीतल्या एका कॉलेजात ते परीक्षा विभागाचे प्रमुख, आणि आता मराठी मंडळाचे नवे अध्यक्ष. पुढारपण अंगावर आलं, तर आधी स्वतःला घडवावं, म्हणून त्यांनी दुर्गाघाटावरच्या आपल्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी वाचन सुरू केलं. पुस्तकं शरदिनीबाईंची. बाई मूळच्या नगरच्या, वडील पाळक, सारी नोकरी इथल्या शाळेत झालेली. वडिलांच्या पेटीतली जुनी ख्रिस्ती पुस्तकं त्या एकेक करून आणत. कशात नम्रतेवर लिहिलेलं, कशात सेवेवर, कशात अपराधाच्या कबुलीवर. गल्लीतल्या दोघा शास्त्र्यांनी नाकं मुरडली, तेव्हा रत्नाकरराव म्हणाले, "गंगा कुठल्याही घाटावर प्यायली तरी गंगाच." हे वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की पुढच्या गुरुवारी शास्त्रीही चहाला हजर!

दाराजवळच्या खुर्चीवर ढुंढिराज बसत. रत्नाकररावांच्याच विभागातले निवृत्त कारकून. ते कधी बोलत नसत. चर्चा संपली की आपला कप आत नेऊन ठेवत आणि काठी टेकत घरी जात. त्यांच्याकडे बघायचं रत्नाकरराव टाळत, आणि त्याला कारण होतं.

सहा वर्षांपूर्वी उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा हरवला होता. चौकशीत ढुंढिराज म्हणाले, "मी तो साहेबांच्या हातात दिला होता." रत्नाकरराव म्हणाले, "मला आठवत नाही." तेव्हा त्यांना खरंच आठवत नव्हतं. पण चार महिन्यांनी तो गठ्ठा त्यांच्याच घरी, कपाटात निघाला. कुणीतरी तक्रार केली म्हणून तपासायला आणलेला आणि विसरलेला. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी सकाळी लवकर जाऊन त्यांनी तो ढुंढिराजांच्या ताब्यातल्या रेकॉर्डच्या खोलीत रॅकमागे सरकवला. शिपायाला सापडला, आणि दोष ढुंढिराजांवर पक्का झाला. सेवापुस्तकात "निष्काळजी" असा शेरा बसला, बढती गेली, आणि त्या शेऱ्यासकटच बिचारे निवृत्त झाले.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर कबुलीवरचं प्रकरण आलं. रत्नाकरराव अर्धा तास बोलले. खरा नेता हाताखालच्या माणसासमोर चूक कबूल करतो, असं काय काय सुरेख बोलले. ढुंढिराज मान वर करून ऐकत होते. सगळे गेले तरी शरदिनीबाई मागे थांबल्या.

"छान बोललात. आता कुणाकडे जाणार?"

"कुणाकडे म्हणजे?"

"आमच्या घरी रीत होती. प्रकरणातलं एक तरी काही करायचं, मगच पुढचं पान उलटायचं. माझे वडील या प्रकरणावर दोन वर्षं अडले होते. मग एका रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून त्यांनी धाकट्या भावाची माफी मागितली."

रत्नाकरराव हसले. "बाई, तशी रीत लावली तर आपलं वाचन इथेच बंद पडेल."

"पडू दे की. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचून ताप उतरतो का, रत्नाकरराव?"

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. जायला हवं, हे त्यांना पटलं होतं. पण पुस्तक संपलं की जाऊ, असं ठरलं. मग दिवाळीनंतर. मग संक्रांतीला, तिळगुळाच्या निमित्ताने. आणि संक्रांत आठ दिवसांवर आली असताना ढुंढिराज गेले.

मणिकर्णिकेवर रत्नाकरराव सगळ्यांच्या मागे उभे राहिले. पुढे जायची त्यांची हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी ते भेटायला गेले. ढुंढिराजांची मुलगी मालविका घरात एकटीच होती.

"बसा काका. तशी तबियत ठीक होती त्यांची. छातीत दुखतं म्हणाले, आणि हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोहोचलो नाही."

"आमचा फार चांगला वाचक गेला, पोरी."

मालविकाने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा वाचायला येत नव्हते, काका. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसतच नव्हतं. मी म्हणायची, इतक्या सीढ्या चढून कशाला जाता? तर म्हणायचे, साहेब चांगली पुस्तकं वाचतायत, एक दिवस बोलतील. परत आले की मी विचारायची, बोले क्या? म्हणायचे, आज नाही. पुढच्या गुरुवारी."

  "गठ्ठा माझ्याच घरी निघाला होता!" रत्नाकरराव म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडू लागले. मालविकाने त्यांची समजूत घातली नाही. का घालावी तिने?

पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी घडलं ते सांगितलं. मंडळाचं अध्यक्षपद सोडलं. कॉलेजला लेखी कबुली दिली, शिक्षा होईल ती सोसायची तयारी ठेवली. तीन महिन्यांनी शेरा रद्द झाल्याचं पत्र निघालं, ते घेऊन ते मालविकाकडे गेले. तिने ते दोनदा वाचलं.

"चांगलं केलंत, काका," ती म्हणाली. "पण आता हे मी कुणाला दाखवू?"

 

वाचकहो, थोरांची पुस्तकं जरूर वाचा, कुठल्याही धर्माची वाचा. त्यांवर चर्चाही करा. पण वाचता वाचता मनात कुणाचं नाव आलं, तर पुस्तक तिथेच मिटा, चपला घाला आणि त्याच्या दारी जा. राहिलेली पानं उद्या वाचता येतील. तो माणूस उद्या असेलच, असं कुणी सांगावं?