आसरांच्या ओटीत साबण

आमच्या सुनेला फोनवर बोलताना पाठ फिरवायची खोड आहे. रविवारी सकाळी देवजीच्या दुकानात माझ्या पोराचा, हरेशचा, फोन येतो. अर्धं शेणवा गाव तिथं तेलमीठ घ्यायला उभं असतं. ही नम्रता फोन कानाला लावते आणि भिंतीकडे तोंड करते, जशी काय कॅलेंडरवरच्या देवाशीच बोलतेय. पोराला जन्म मी दिला आणि माझ्या वाट्याला काय, तर हिची वेणी. शेवटी फोन माझ्या हातात येतो तेव्हा हरेश म्हणतो, "आई, बरी हायस ना? भात झोडून झालं? ठेवतो गो, मागं लोक उभे हायत."

तिला सगळा जीव, मला भाताची चौकशी.

हरेश गुजरातेत, भरूचच्या पुढं, गॅसच्या विहिरीवर फिटर आहे. ठेकेदाराकडे. विहीर म्हणजे आपली रहाटाची नव्हे. वीतभर रुंदीचा पाइप जमिनीत घातलेला. खोल किती, तर माळशेजचा घाट उलटा करा आणि चार वेळा आत घाला. त्यातून वायू येतो, त्यावर कारखाने चालतात. दोन हजार दोन साली दिवाळीनंतर ती विहीर आजारी पडली. विहीर चालली तर हरेश पक्का होणार, राहायला क्वार्टर मिळणार, म्हणजे नम्रता तिकडं जाणार. विहीर मेली तर माणसं आपापल्या घरी. म्हणजे माझा पोरगा माझ्या पडवीत, माझ्या डोळ्यांसमोर. हे मला सुनेनं नाय सांगितलं. देवजीनं सांगितलं. त्याच्या दुकानात फोन आहे आणि त्याला कान आहेत.

त्या रविवारी नम्रता फोन ठेवून आली ती तोंड पाडून. तशीच चुलीवर भात चढवायला बसली.

"काय झालं गो?"

"काय नाय आत्या. विहिरीत पाणी भरलंय."

"विहिरीत पाणी नाय भरणार तर काय ताक भरणार?"

"तुमाला कशाला डोक्याला ताप..."

"सांग. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण डोकं शाळेत ठेवून नाय आले."

मग बोलली. मूळची वैशाखऱ्याची, मुरबाडला बारावीपर्यंत शिकलेली. बोलायला लागली की मास्तरीणच. म्हणाली, "वायूबरोबर खालून पाणी पण येतं. वायूला जोर होता तोवर तो पाणी वर फेकायचा. आता विहीर जुनी झाली, जोर उतरला. पाणी निम्म्यातून खाली पडतं नि तळाला साचतं. त्या पाण्याचं वजन वायूच्या उरावर. वायू आतच कोंडला."

"मग उपसा की. आमी उन्हाळ्यात विहीर उपसतो ती काय साहेबाला विचारून?"

"एवढ्या खोल कोण उतरणार? झडप बंद ठेवून जोर धरू दिला, मग उघडली. जरा चालली, परत गप्प. आता साबणाच्या कांड्या सोडणार हायत आत."

"साबण? तिकडं धुणं काढलंय काय?"

मी हसले. तेवढ्यात तपेल्यातला भात फसफसून उतू गेला, चुलीत राख उडाली. नम्रता एकदम उठली. "हेच! हेच ते! नुसतं पाणी कधी असं उतू जातं का आत्या? पेजेचा फेस झाला की ते हलकं होतं, काठावर चढतं. साबणानं तसाच फेस होणार, मग वायू त्याला उचलून बाहेर टाकणार. हे म्हणाले, आईचं तपेलं आठव. आई अंगणात गप्पा मारत बसायची, भात उतू जायचा, आणि शिव्या मला."

माझ्या हातात उलथनं होतं, ते तसंच राहिलं. तपेलं माझं, पेज माझी, शिव्यासुद्धा माझ्या. आणि ते सगळं सांगायला त्याला ही सापडली! मला विचारतो, भात झोडून झालं का.

दुसऱ्या दिवशी खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या घेऊन ओढ्याच्या डोहावर गेले. तिथं आसरा आहेत, पाण्यातल्या सात बाया. माझ्या सासूनं त्यांच्याकडे हरेश मागितला होता, आणि त्यांनी दिला. मी कुंकू वाहिलं, ओटी भरली आणि स्पष्ट सांगितलं, "बायांनो, पाणी सगळं तुमचंच. आमच्या तानशाच्या धरणाचं पाणी तुमी मुंबईला जाऊ देता, मग थोडं गुजरातेत पाठवायला काय जातं? पोराच्या विहिरीत अजून भरा. बुडवा तिला. पोराच्या केसाला धक्का नको. त्याला तेवढा घरी पाठवा."

बोलून खाली वाकले तर दगडाच्या आडोशाला दुसरी ओटी. ताजी. खण पोपटी, मीच नवरात्रात नम्रताला दिलेला. आणि नारळाशेजारी पळसाच्या पानावर काय, तर धुण्याच्या साबणाची अख्खी वडी! हळदकुंकू लावलेली!

आसरांना आजवर कुणी साबण वाहिला असेल तर माझं नाव बदला. ही वडी माझ्या मोरीतली. सकाळी ती सापडेना म्हणून मी शेजारच्या हौसावर आळ घेतला होता, तिच्याशी बोलणं टाकलं होतं. वाटलं, उचलावी आणि सुनेच्या तोंडावर मारावी. पण बायांच्या ओटीतलं परत कसं घेणार? दोन ओट्या शेजारी शेजारी. एक म्हणते भरा, एक म्हणते फेस करा. मी बायांना म्हटलं, "मला ओळखता ना तुमी? ती कालची आलेली हाय." आणि घरी आले. तिला चकार शब्द बोलले नाय.

पुढच्या रविवारी देवजी दुकानातून ओरडला, "धोंडूबाई, हरेश तुमाला मागतोय! आधी तुमाला!"

मी नम्रताच्या अंगावरून गेले ते तिला कोपर लावूनच.

"आई गो! उतू गेली!" पोरगा ओरडत होता. "पहिला नुसता फेस, पांढरा, टाकी भरून. मग पाणी आलं, खारट, वास मारणारं. आणि मागनं जो वायू सुटला! तुझ्या तपेल्याची शपथ आई, हुबेहूब तसंच! साहेब पक्का करतो म्हणालाय."

आणि हसला. लहानपणी तपेल्याच्या काठावरची पेज बोटानं चाटताना हसायचा, तसा. ते हसू मला वाटलं होतं लग्नात हरवलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "जेवलास का रे?"

मग नम्रतानं फोन घेतला. या खेपेला पाठ नाय फिरवली, माझ्याकडे बघत बोलली. "अवो, आत्यांनी पण तुमच्यासाठी ओटी भरलेली. मी परत डोहावर गेले तवा बघितली, माझ्या ओटीशेजारीच." फोन ठेवला आणि भर दुकानात माझ्या पायाशी वाकली.

देवजी म्हणाला, "सासू असावी तर अशी!"

"तू तुझं तेल माप," मी म्हटलं.

घरी येताना ती मागून चालत होती. पायात नुसती लगबग; मनानं भरूचला पोचलीसुद्धा. बांधावर मी थांबले, वळले, आणि तिला समोर उभी केली.

"ऐक नम्रता. बाया तुझ्या बाजूनं गेल्या. साबणाची चव लागली असंल त्यांना. तू चोरटी हायस, पण नवऱ्यासाठी चोरलंस म्हणून सोडते. हौसाची माफी तू मागायची, मी नाय. जा क्वार्टरात, नांद सुखानं. माझं तपेलं मातर न्यायचं नाय. तिकडं तुझ्या कुकरात भात उतू जात नसतो. पोराला उतू गेलेली पेज चाटावीशी वाटली, की इथंच यावं लागंल त्याला. माझ्याकडं."