पुसलेला खर्डा

ही गोष्ट २००९ सालची, उत्तर नॉर्वेतली. तेव्हा ईस्टरला अख्खा देश डोंगरातल्या लाकडी खोपीत जाऊन बसायचा, आणि तिथे फोन बंद ठेवणं ही रीतच होती. ते निवांत दिवस आता राहिले नाहीत.

रेनडिअरच्या डोळ्यांच्या साथीवर ओद्वारच्या तोडीचा अभ्यासक विद्यापीठात दुसरा नव्हता. सुटीला निघायच्या दिवशी ग्रंथालयातली दाग्नी त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"तिसऱ्यांदा येतेय, ओद्वार. तुझ्या लेखाचा शेवटचा खर्डा दे. विद्यापीठाच्या संग्रहात ठेवला की कुणालाही फुकट वाचता येईल."

"छापलेला घे की!"

"छापलेला प्रकाशकाचा. परीक्षकांनी मान्य केलेला, छपाईआधीचा तो तुझा. तोच ठेवायची परवानगी आहे. कितीदा सांगू?"

"लेख छापून आला की खर्डे पुसून टाकतो मी. मला पसारा खपत नाही. ज्याला हवा तो मला लिहितो, मी पाठवतो."

"आणि तू जागेवर नसलास तर?"

"तर थांबेल चार दिवस!" ओद्वार हसला आणि स्की खांद्यावर टाकून निघाला.

मंगळवारी तो परतला. दूरच्या कारासयोक गावातल्या एल्ले नावाच्या पशुवैद्य बाईंच्या चार मेल येऊन पडल्या होत्या.

गुरुवारची: "इथल्या कळपात डोळ्यांची साथ आलीय. औषधाचं प्रमाण तुमच्या लेखात आहे. आमच्या कचेरीला ते नियतकालिक परवडत नाही. लेख पाठवाल का?"

शुक्रवारची: "पाडसांचे डोळे दुधाळ होताहेत."

शनिवारची: "ग्रंथालय बंद, तुमचा फोन बंद. कृपा करा!"

रविवारची एकच ओळ: "आता घाई नाही."

त्याने फोन लावला.

"सात पाडसं आंधळी झाली," एल्ले शांतपणे म्हणाली. "कळपामागे चालता येईना. मालकाने स्वतःच्या हाताने मारली."

"मी... मी आत्ता पाठवतो लेख."

"पाठवा. पण एक सांगा, तो लिहिला कुणासाठी होता?"

ओद्वारने छापलेला लेख तिला पाठवला. तो धावतच ग्रंथालयात गेला.

"दाग्नी, लेख संग्रहात ठेवायचाय, पण खर्डा पुसलाय गं! आता काय करू?"

दाग्नीने हातातला पाव डब्यात परत ठेवला. "संपादकाला पाठवला होतास ना? पाठवलेल्या मेलमध्ये शोध."

दोघं पडद्यावर वाकली. एक जोडपत्र उघडलं, ते जुनं निघालं. दुसरं अर्धवट. तिसरं... सापडला! लेख खुला करण्याआधी थांबायची प्रकाशकाने घातलेली मुदत केव्हाच संपली होती. त्याच दुपारी लेख सगळ्या जगाला खुला झाला.

"पाच मिनिटांचं काम," ओद्वार पुटपुटला. "आणि मी तीनदा तुला परत पाठवलं."

पुढच्या हिवाळ्यात साथ पुन्हा आली. एल्लेने त्याच दिवशी औषध दिलं, एकही पाडस गेलं नाही. ओद्वार निवृत्त झाला तेव्हा त्याचा एकूण एक लेख संग्रहात होता, आणि कुठलाही खर्डा त्याने पुन्हा पुसला नाही. दाग्नी मागच्या वर्षी वारली. तिच्या दफनाला एल्ले सहा तास गाडी चालवत आली होती.

वाचकहो, लोकांच्या करावर उभं राहिलेलं ज्ञान कुलपात ठेवायला आपण कोण? ज्याला त्याची गरज पडते, त्याला थांबायला चार दिवस नसतात!